ओठ चालू, आवाज बंद

गणपतीचे दहा दिवस आमच्या बिबवेवाडीत ज्याला शांतता हवी असेल, त्यानं सरळ गावाला जावं. मला ते जमत नाही, कारण माझं पोळी-भाजी केंद्र मंडळाच्या मांडवाच्या बरोबर समोर आहे आणि त्या दिवसांत धंदा दुप्पट होतो. तेव्हा मी कुरकुर करत पोळ्या लाटते आणि मांडवातला देखावा ऐकते. बघायला उठावं लागत नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळा पाठ होतो.

पुण्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की जिवंत देखावा म्हणजे गणपतीसमोर केलेलं पंधरा-वीस मिनिटांचं नाटक, पण त्यात नट बोलत नाहीत. संवाद, संगीत, रडणं, ढगांचा गडगडाट, सगळं आधी स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं असतं. मंडळाची पोरं-पोरी स्टेजवर नुसते ओठ हलवतात. एक खेळ संपला की गर्दी पुढे सरकते, नवी गर्दी येते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवे लागल्यापासून स्पीकर बंद करायची वेळ होईपर्यंत हेच चालतं.

यंदाच्या देखाव्यात शेवटी एक मुलगी हातातला मोबाईल खाली ठेवते, समोर बघते आणि म्हणते, "आई, मला माफ कर गं." मग अंधार होतो आणि बायका डोळे पुसतात. स्पीकर माझ्या दुकानाच्या दिशेनं लावलेला होता. माझ्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर तनुजाची खिडकी आहे. देखाव्यातल्या मुलीची आई ती. स्टेजवरची नव्हे, खरी.

पूर्वा, म्हणजे तनुजाची मुलगी, माझ्यासमोर वाढली. वडील ती शाळेत असतानाच गेले. तनुजा एका पतपेढीत कामाला, त्यामुळे शाळा सुटली की पूर्वा माझ्या दुकानात पोळपाटाशेजारी दप्तर टाकून बसायची. कॉलेजात गेल्यावर तिला व्हिडिओ करायचा नाद लागला. खड्डा दिसला की मोबाईल काढायची. कचऱ्याची गाडी आली नाही, मोबाईल. पाण्याची टाकी गळते, मोबाईल. आवाज जरा बसका होता तिचा, आणि काही टोचून बोलली की वाक्याच्या शेवटी हसू दाबायची. ते दाबलेलं हसूच लोकांना आवडायचं. ज्यांच्याबद्दल बोलायची त्यांना अर्थात आवडायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिनं आणि सलिलनं मिळून मंडळासाठी देखावा लिहिला. सलिल समोरच्या सोसायटीतला. हडपसरला कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात मंडळाचं लिखाण करतो. दोघांचं काय होतं ते मला ठाऊक नाही. विचारलं असतं तर पूर्वानं मलाच चार टोमणे मारले असते. देखावा होता आमच्याकडच्या ओढ्यावर. ओढ्याकाठची एक म्हातारी फिर्याद करते, की माझ्या घराशेजारी पाणी वाहत होतं, तिथे आता इमारत उभी आहे. म्हातारीचा आवाज पूर्वानंच दिला. शनिवार पेठेतल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करून घामाघूम होऊन आली आणि सरळ माझ्या दुकानातल्या पंख्याखाली उभी राहिली. "काकू, तिथे रेकॉर्डिंग चालू असताना पंखा लावू देत नाहीत. घरघर येते म्हणे. म्हातारी ओढ्यासाठी नाही, उकाड्यानं रडतेय."

त्या देखाव्यात एक वाक्य होतं, "ओढा कुणी गिळला ते अख्ख्या वाडीला माहीत आहे, फक्त नकाशाला माहीत नाही." पहिल्याच दिवशी पोलीस चौकीवरून एक साहेब आले. तेवढं वाक्य काढा म्हणाले, शांतता बिघडेल. कुणाची शांतता, ते काही बोलले नाहीत. पूर्वा म्हणाली, एक शब्द काढणार नाही. मंडळाचे सगळे कार्यकर्ते, त्यात आमचे हेही आले, मूग गिळून उभे होते. तेव्हा तनुजा पुढे झाली. पर्स खांद्यालाच, पतपेढीतून थेट आलेली. म्हणाली, "साहेब, खोटं बोलली असेल तर पकडा तिला. खरं बोलली असेल तर बोलू द्या की."

शेवटी तडजोड झाली. वाक्य राहिलं, पण आवाज काढला. म्हातारी तिथे नुसतेच ओठ हलवायची. साहेबांना काय माहीत, की त्यामुळे लोक जास्तच कान टवकारतील! एकानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं, आणि तिसऱ्या दिवसापासून म्हातारीचे ओठ हलले की गर्दीच ते वाक्य मोठ्यानं म्हणायला लागली. पूर्वा मांडवाच्या खांबाला टेकून हसत होती. इतकं खूश मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर कुणीतरी तिचा चेहरा एका घाणेरड्या व्हिडिओवर चिकटवला. कुणी, ते अजून तपासातच आहे. व्हिडिओ खोटा होता हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण लोकांना बघायचा होता, आणि पुढे पाठवायचाही होता. "अरेरे, बघा काय चाललंय" असं वर लिहून पाठवत होते. आमच्या ह्यांना, म्हणजे संभाजीरावांना, फार संताप आला. मंडळाचे सल्लागार आहेत ते. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर फर्मान काढलं: जिथे जिथे पूर्वाचा चेहरा दिसेल तिथे सगळ्यांनी रिपोर्ट मारा. वर्गणीला फोन न उचलणारी माणसंसुद्धा कामाला लागली. जो तो आपलं गाव, आपले पाहुणे जोडत गेला. दिसला चेहरा की मारा रिपोर्ट.

झालं असं, की खोटा व्हिडिओ ग्रुपाग्रुपांतून फिरतच राहिला, कारण तिथे रिपोर्ट घ्यायला कुणी बसलेलंच नव्हतं. आणि बंद पडलं ते पूर्वाचं स्वतःचं व्हिडिओंचं खातं. तिचा चेहरा सगळ्यात जास्त तिथेच होता ना! खड्डे, कचरा, पाण्याची टाकी, दाबलेलं हसू, सगळं एका दुपारी गेलं. तिनं ते खातं चालवणाऱ्या कंपनीला लिहिलं. नियमांचा भंग झाला आहे, असं छापील उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. "काकू," ती मला म्हणाली, "त्या व्हिडिओबद्दल मला चार शब्द बोलायचे होते. कुठे बोलू आता?" मी तिला गरम पोळी दिली. दुसरं माझ्याकडे काय होतं?

फेब्रुवारीत पूर्वानं स्वतःला संपवलं. ह्यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. तिचा मोबाईल तपासासाठी जमा आहे.

ह्या पार्श्वभूमीवर आमच्या मंडळानं यंदा काय करावं? तर 'एक क्लिक' नावाचा जिवंत देखावा. लिहिला सलिलनं. मुलीचं नाव ठेवलं अपूर्वा. कल्पकतेची अगदी हद्द झाली! मी ह्यांना विचारलं, "अहो, तनुजाला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? तिच्या पोरीसाठीच चाललंय ना सगळं," हे म्हणाले. "आणि पहिल्या दिवशी आरतीचा मान तिलाच हाय. शाल-श्रीफळ पण ठेवलंय."

"देखावा कशावर आहे ते सांगितलंत तिला?"

"आगं, बघंलच की समोर बसून."

माझा नवरा वाईट माणूस नाही. मांडवातला एकही माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं, की आपण तिचा मान करतोय. तनुजाला फोन गेला तो एवढाच, की वहिनी, यंदा पहिली आरती तुमच्या हातून. ती मला विचारायला आली, "जाऊ का हो नंदाताई?" मी तिला देखाव्याचं सांगायला तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, "पूर्वा असती तर गेली असती." काय वाटेल ते होवो म्हणून मी सांगून टाकलं, की देखावा मोबाईलच्या त्रासावर आहे, पूर्वावरून सुचलेला. तिनं क्षणभर विचार केला. "सलिलनं लिहिलाय ना? मग नीटच असेल," म्हणाली आणि गेली.

पहिल्या दिवशी तनुजा हिरवी साडी नेसून आली. आरती झाली, शाल झाली, आणि तिला पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसवलं. मी दुकानातून पाहत होते. पडदा उघडला. पूर्वाचा जसा निळा कुर्ता होता तसाच कुर्ता घातलेली मुलगी स्टेजवर आली. ऋतिका नाव तिचं, आमच्याच वाडीतली, अठरा-एकोणीस वर्षांची, चांगली गुणी पोर. तिनं ओठ हलवले आणि स्पीकरमधून कुण्या तिसऱ्याच मुलीचा गोड, स्वच्छ आवाज आला. पूर्वाच्या तोंडी कधीच न शोभणारा. शेवट आला. "आई, मला माफ कर गं." अंधार झाला. टाळ्या झाल्या. दिवे लागले तेव्हा तनुजा खुर्चीतच होती, नारळ मांडीवर. नारळ तिथेच ठेवून घरी गेली. "फार भावुक झाल्या," कुणीतरी म्हणालं.

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. पिठाच्या डब्यावर बसली, पूर्वा बसायची तिथेच.

"नंदाताई, ती असं म्हणाली नव्हती."

"मला माहीत आहे गं."

"तुम्हाला नाही माहीत. शेवटचं काय म्हणाली सांगू? सकाळी मी डबा भरत होते, तर आतून ओरडली, 'आई, माझा पांढरा कुर्ता इस्त्रीला टाकलास का?' बस. मी म्हटलं, टाकते. माफीबिफी काही नाही. आणि तिनं का मागायची माफी? तिनं काय केलं होतं?"

मी परातीतलं पीठ झाकून ठेवलं.

"शब्द आठवतात मला," तनुजा म्हणाली. "पण आवाज जायला लागलाय. पहिल्या दिवशी मी खिडक्या लावल्या. तरी येतो तो. संध्याकाळभर येतो. आता मी मनात म्हणते, पूर्वा, बोल, कुर्ता इस्त्रीला टाकलास का म्हण. तर ती त्या मुलीच्या आवाजात म्हणते. स्पीकरमधल्या. त्या गोड आवाजात. नंदाताई, माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाहीये हो. खातं गेलं. मोबाईल तिकडे. कुणाकुणाला विचारलं, कुणी काही ठेवलेलं नाही. एका घरात राहून आईला कोण आवाज रेकॉर्ड करून पाठवतं? माझ्या डोक्यात होता तेवढाच. तोही पुसला जातोय."

मी हात धुतले, दुकान अर्धं ओढून घेतलं आणि तिला घेऊन मांडवात गेले. असा राग मला कधी आला नव्हता.

सलिल स्टेजच्या मागे वायरी जोडत होता. तनुजाला पाहून उभा राहिला. पोरगा वाळला होता अगदी. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"सलिल, ते शेवटचं वाक्य काढ," तनुजा म्हणाली. "बाकीचं चालू दे. तेवढं काढ."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "काकू, काल एक मुलगी आली होती. खेळ संपल्यावर इथे मागे आली, आईला घेऊन. तिचेही फोटो घेऊन कुणीतरी धमक्या देत होता. कित्येक महिने. तिनं घरी सांगितलं नव्हतं. हे वाक्य ऐकलं आणि तिथेच गर्दीत आईच्या गळ्यात पडली. आज सकाळी मी त्यांच्याबरोबर जाऊन तक्रार देऊन आलो. ते वाक्य काढलं तर देखाव्यात राहिलं काय? बाकीची सगळी माहिती आहे. ती कुणी ऐकत नाही."

मी भांडायला आले होते, ते भांडण तिथेच विरलं. तनुजानं स्टेजचा कठडा धरला. "वाचली ना ती?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"चांगलं केलंस."

"आणि काकू, पूर्वा स्वतः म्हणायची, एक शब्द काढणार नाही. तुम्हीच त्या साहेबांना म्हणाला होता, बोलू द्या तिला. मग आज आपणच..." त्याचा आवाज चिरकला. "मी तिच्यासाठी काहीच करू शकलो नाही. हे एवढंच येतं मला. हेही थांबवू?"

"मी काय म्हणाले होते ते नीट आठव," तनुजा म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "खोटं असेल तर पकडा, खरं असेल तर बोलू द्या. ती जे बोलायची ते खरं होतं, म्हणून मी उभी राहिले. हे वाक्य खोटं आहे, सलिल. त्या लोकांनी तिच्या चेहऱ्याला दुसऱ्याचं अंग लावलं. तू तिच्या तोंडाला दुसऱ्याचा आवाज लावलास. तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे रे. पण मी वर बसून ऐकते ना."

सलिल खाली बसला. तिथेच, वायरींत. रडायला लागला. तनुजानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मी तोंड फिरवून गणपतीकडे बघत राहिले. त्याच्याशीही माझं थोडं भांडण होतंच.

त्या संध्याकाळी कार्यकर्त्यांची बैठक झाली. कुणी म्हणालं, बंद करा. कुणी म्हणालं, इतकी गर्दी होतेय, लोकांना शिकायला मिळतंय, बंद का? शेवटी आमच्या ह्यांनाच जुनी युक्ती आठवली. "ओढ्याच्या टायमाला केलं तसंच करू. आवाज काढा, ओठ राहू द्यात. देखावा पण राहील आणि वहिनींना त्रास पण नको." सगळ्यांना पटलं. मलासुद्धा पटलं. सलिलनं तेवढा तुकडा गप्प करून आणला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या खेळाला तनुजानं खिडकी उघडली. मी खालून पाहिलं, ती गजांना धरून उभी होती. देखावा शेवटाला आला. ऋतिकानं मोबाईल खाली ठेवला, समोर पाहिलं, ओठ हलवले. स्पीकर गप्प.

आणि गर्दी म्हणाली, "आई, मला माफ कर गं."

शे-दोनशे माणसं, एका सुरात. काहींनी हसत म्हटलं, बऱ्याच जणांनी मनापासून. चार दिवसांत त्या शेवटाचे व्हिडिओ गावभर गेले होते, आम्हाला कल्पना नव्हती. लोक ते वाक्य ऐकायलाच येत होते. पुढे बसलेल्या लहान मुलांनी तर पुन्हा एकदा म्हटलं, त्याच गोड आवाजाची नक्कल करून. ऋतिका स्टेजवर तशीच उभी राहिली, अंधार व्हायच्या आधीच तिनं तोंड झाकून घेतलं. मी वर पाहिलं. खिडकी लागलेली होती.

सलिलनं स्पीकरची वायर उपसली. कुणाला न विचारता पडदा ओढला. मंडळाचा अध्यक्ष राकेश त्याच्यावर धावून गेला, तेव्हा मधे आमचे हे पडले. "बास झालं," म्हणाले. "बास झालं आता." त्या दिवसापासून मांडवात नुसता गणपती राहिला आणि सनईची कॅसेट. गर्दी दुसऱ्या मंडळांकडे गेली.

पण हेही सांगायलाच हवं. त्यानंतर दोन दिवसांनी एक बाई मुलीला घेऊन माझ्या दुकानाशी आल्या. मुलगी पंधरा-सोळाची असेल, मान खाली. बाईंनी विचारलं, "इथे तो मोबाईलचा देखावा आहे ना? हिलाच बघायचा होता. दोन बस बदलून आलो." मी म्हटलं, बंद झाला. मुलीनं एकदा पडद्याकडे पाहिलं. "बसा ना, पाणी घ्या," मी म्हटलं, पण त्या थांबल्या नाहीत. ती मुलगी कशासाठी आली होती, नुसती गंमत म्हणून की आणखी कशासाठी, मला कळलं नाही. अजूनही पीठ मळताना ती मान मला दिसते, आणि मग मी सलिलला बरोबर म्हणू की तनुजाला, हे मला ठरवता येत नाही. मी रोज वेगळं ठरवते.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सलिल लॅपटॉप काखोटीला मारून आला. वर एकटा जायची त्याची छाती होईना, म्हणून मला घेऊन गेला. तनुजाचं घर आवरलेलं होतं, नको इतकं. बाहेर भुरभुर पाऊस, हवेत गारवा. ती शाल घेऊन बसली होती, मंडळाची नव्हे, स्वतःची.

"काकू, शनिवार पेठेतल्या स्टुडिओत गेलो होतो. ओढ्याच्या देखाव्याचं मूळ रेकॉर्डिंग त्यांच्याकडे निघालं. त्यात पूर्वाचा आवाज आहे."

तनुजाचा चेहरा असा काही उजळला, की मला भीतीच वाटली. सलिलनं लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सुरू केला. म्हातारी बोलायला लागली. थरथरता, चिरका, दात पडलेल्या म्हातारीचा आवाज. "लेकरांनो, इथं पाणी होतं..." पूर्वानं कमाल केली होती. इतकी कमाल, की त्यात पूर्वा कुठेच नव्हती. तनुजा पुढे वाकून ऐकत होती, कपाळावर आठ्या घालून, गर्दीत आपलं माणूस शोधावं तशी. ओढा कुणी गिळला ते वाक्यही आलं, पूर्ण, आवाजासकट. त्यातही म्हातारीच.

"नाही रे," तनुजा शेवटी म्हणाली. "ही ती नाही. ही म्हातारी आहे." आणि सलिलला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "पण छान केलंय."

सलिलचं तोंड उतरलं. म्हातारीचं शेवटचं रडणं झालं, संगीत थांबलं. तो बंद करायला हात पुढे करत होता. मूळ रेकॉर्डिंग होतं ते, मांडवात लावायला कापून नीट केलेलं नव्हे. संगीतानंतर नुसती शांतता होती, कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आणि मग एक बसका आवाज, अगदी माईकजवळून, शेवटी हसू दाबलेला:

"आता तरी पंखा लावा रे."

तेवढंच. मग खट्ट झालं आणि रेकॉर्डिंग संपलं.

सलिलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. म्हणून तनुजा कधी उठली ते मला कळलं नाही. बटणाचा आवाज आला तेव्हा मी पाहिलं.

गारठ्यात, शाल गुंडाळून, ती भिंतीशी उभी होती. तिनं पंखा लावला होता, आणि रेग्युलेटर फिरवून आणखी मोठा करत होती.